केरूनाना छत्रे: नोंदवहीवर भरवसा ठेवणारे मास्तर

दीडशे वर्षांपूर्वी मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या हाती 'अंकगणित' आणि 'पदार्थविज्ञानशास्त्र' ही दोन पुस्तके पडत. दोन्हींचे लेखक एकच, केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून किंवा पंचांग सुधारणारे ज्योतिर्विद म्हणून. पण मुलांना विज्ञान त्यांच्याच भाषेत कसे सांगावे, या प्रश्नावर सुरुवातीच्या काळात ज्यांनी कष्ट घेतले, त्यांतले हे एक मोठे नाव आहे. शिवाय ते आपल्या रायगड जिल्ह्याचे. म्हणून आज त्यांची गोष्ट.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. नारळ-सुपारीच्या वाड्या, समोर समुद्र आणि पंचांगावर चालणारे दैनंदिन जीवन, असे ते गाव. त्या काळी मुलाला पुढे शिकायचे तर मुंबई गाठावी लागे. केरूनानाही लहान वयातच तिकडे गेले. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके तेव्हा नुकती कुठे निघू लागली होती. छत्रे घराण्यातल्याच सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' आणि इसापनीतीच्या कथा मराठीत आणल्या होत्या. म्हणजे मुलांसाठी लिहिणे हे काही कमी दर्जाचे काम नव्हे, हा विचार त्या घराण्याला नवा नव्हता.

मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत केरूनानांना दोन शिक्षक असे लाभले की त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरून गेली. एक बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण' हे वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्रींनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले आणि भूगोल, विज्ञान असे विषय मराठी वाचकांपुढे ठेवले. दुसरे प्रोफेसर ऑर्लेबार. शिकवण्याबरोबरच कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांच्याकडे होते. १८४० च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, केरूनाना या वेधशाळेत कामाला लागले.

वेधशाळेतले काम कसे असते, हे थोडे समजून घ्यायला हवे. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते एवढे आपल्याला ठाऊक असते. पण ती सुई अगदी स्थिर नसते. दिवसभरात ती किंचित इकडे-तिकडे सरकते, आणि हा फरक इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ठरलेल्या वेळी, दिवसा आणि रात्रीही, यंत्रासमोर बसून तो मोजायचा आणि वहीत लिहायचा. सोबत हवेचा दाब, तापमान, वारा आणि पाऊस. आज काही विशेष घडले नाही म्हणून रकाना कोरा ठेवायचा नाही. झोप आली म्हणून कालचाच आकडा आज उतरवायचा नाही. सरकारी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या कोणाही परिचारिकेला हे काम ओळखीचे वाटेल. दर काही तासांनी नाडी, ताप, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांची नोंद ती अशाच शिस्तीने करते. त्यातला प्रत्येक आकडा एकटा क्षुल्लक असतो. सगळे ओळीने मांडले की रुग्ण सुधारतो आहे की बिघडतो आहे, ते दिसू लागते.

अशा नोंदींचे मोल केव्हा कळेल ते सांगता येत नाही. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि त्याचे चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या वेळी केरूनाना नव्हते, पण त्यांच्या काळात घातलेली शिस्त टिकून होती. वादळाचे आकडे तिथल्या माणसांनी नेहमीसारखे वहीत उतरवले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर ठरवला, तेव्हा त्यांना मुंबईच्या याच जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. नोंदी करणाऱ्यांना जाऊन तोवर कितीतरी वर्षे लोटली होती.

सुमारे दहा वर्षांच्या वेधशाळेतल्या नोकरीनंतर, १८५१ मध्ये केरूनाना शिकवण्यासाठी पुण्याला गेले. तेव्हा मुंबई-पुणे रेल्वे नव्हती. पनवेलपर्यंत होडी, पुढे चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट, असा तेव्हाचा रुळलेला मार्ग. घाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये झाला होता. रेल्वे घाट चढून वर गेली ती १८६३ मध्ये. आज एक्स्प्रेस वेवरून आपण हे अंतर गप्पांच्या नादात कापतो. त्या काळी मात्र मुंबईची विद्या देशावर न्यायची, तर ती खालापूरच्या याच वाटेने घाट चढून जाई.

पुण्यात त्यांनी गणित आणि सृष्टिविज्ञान शिकवले. पुढे ते डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे टिळक त्यांचे विद्यार्थी होते, आणि गणिताची व खगोलाची गोडी टिळकांना आयुष्यभर पुरली. पण केरूनाना केवळ कॉलेजातल्या मुलांपुरते थांबले नाहीत. इंग्रजी न शिकलेल्या, गावातल्या मराठी शाळेत बसणाऱ्या मुलासाठी त्यांनी पुस्तके लिहिली. हे काम दिसते तेवढे सोपे नव्हते. घनता, गती, दाब या गोष्टी मराठीत सांगायच्या तर आधी शब्द शोधावे लागत. त्यासाठी संस्कृतातून घ्यायचे, बोलीतून घ्यायचे की नवे घडवायचे, हे वाक्यागणिक ठरवावे लागे. शिवाय शब्द असा हवा की मास्तरला तो फळ्यावर लिहिता यावा आणि मुलाला समजावा. त्यांची ही पुस्तके शाळांतून पुष्कळ वर्षे चालली. मुंबईत १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या कामातही त्यांचा सहभाग होता आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी निबंध लिहिले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वात कठीण प्रसंग पंचांगाचा. महाराष्ट्रातली पंचांगे तेव्हा 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून करत. तो ग्रंथ गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये लिहिला. योगायोग असा, की गणेश दैवज्ञ हेही आपल्याच किनाऱ्यावरचे, मुरूडजवळच्या नांदगावचे. त्यांनी आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः आकाशाचे वेध घेऊन त्याआधीच्या ग्रंथांतल्या चुका दुरुस्त केल्या होत्या. पण तेव्हापासून सव्वातीनशेहून अधिक वर्षे उलटून गेली होती. रोज दोन सेकंद मागे पडणारे घड्याळ वर्षात बारा मिनिटे मागे जाते, मग शतकांच्या हिशेबात काय होईल? पंचांगात ग्रह एका जागी आणि आकाशात दुसऱ्या जागी, अशी स्थिती आली होती.

केरूनानांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत तयार केला. तो १८६० मध्ये निघाला. पुढे १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांनी नव्या गणिताचे पंचांग काढले. तेच 'पटवर्धनी पंचांग'. लोकांनी ते आनंदाने स्वीकारले असे झाले नाही. सण, व्रते आणि श्राद्धाच्या तिथी ज्यावर अवलंबून, त्यात कोणी हात घातला तर विरोध होणारच. राशिचक्राची सुरुवात कोणत्या बिंदूपासून धरायची, यावर तर विद्वानांमध्येही मतभेद होते, आणि ते पुढेही मिटले नाहीत. आजही टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि इतरांकडे १४ किंवा १५ तारखेला. या फरकाचे मूळ त्या वादात आहे.

केरूनानांचे म्हणणे थोडक्यात असे होते: ग्रंथ आणि आकाश यांत तफावत आली, तर आकाश बदलता येत नाही. म्हणून ग्रंथ बदलायचा. यात पूर्वसूरींचा अपमान नव्हता. गणेश दैवज्ञांनी त्यांच्या काळी हेच केले होते. वैद्यकात आम्हालाही हे वारंवार करावे लागते. मी शिकत होतो तेव्हा पक्के मानलेले काही उपचार आज आम्ही देत नाही, कारण रुग्णांच्या नोंदींनी वेगळे सांगितले.

सूर्यावरील डागांचे निरीक्षणही केरूनानांनी बरीच वर्षे केले. या डागांचा पावसाशी काही संबंध आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या अंतराने वाढते आणि घटते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. आजचा पावसाचा अंदाज डागांवरून बांधत नाहीत. तरी प्रश्न विचारण्याची रीत योग्य होती: आधी वर्षानुवर्षे मोजायचे, मग बोलायचे.

१८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर शंकर बाळकृष्ण दीक्षित या कोकणातल्याच शिक्षकाने 'ज्योतिर्विलास' लिहून आकाशदर्शन घराघरांत नेले. आणि १९०४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे चुंबकीय सुया बिघडणार होत्या. म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. नागावचा मुलगा ज्या यंत्रांसाठी मुंबईला गेला होता, त्यांचे काम त्याच्या गावापासून काही मैलांवर आले. ते आजही चालू आहे.

या चरित्रातून कर्जत-खालापूरने काय घ्यावे? माझ्या मते एक साधी गोष्ट. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकाचे काम केवळ माहिती देण्याचे नसते. पाहा, मोजा, लिहा आणि लिहिलेले पुन्हा ताडून बघा, ही सवय त्याने लावायची असते. आपल्या डोंगराळ भागात या सवयीवर कधी कधी जीव अवलंबून असतो.

कुपोषणाचेच घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते आणि मुलाला ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे लागते. वजनाचा काटा रिकामा असताना शून्यावर आहे का, हे न बघता वजन घेतले तर अशक्त मूल कागदावर धडधाकट ठरते. जुलाबात घरी साखर-मिठाचे पाणी करायचे तर प्रमाण नेमके लागते: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो. हे सगळे अंकगणितच आहे, आणि ते आईला आणि घरातल्या मोठ्या बहिणीला आपल्या भाषेत येत असावे लागते.

आणि पाऊस. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, आणि कितीतरी माणसांचा शोध लागलाच नाही. एखाद्या पुस्तकाने ती रात्र टळली असती, असे मी म्हणणार नाही. वस्ती सुरक्षित जागी हलवणे हे शासनाचे काम आहे, मुलांचे नव्हे. पण जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा एकदम आटणे, या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही, हे उतारावरच्या प्रत्येक वाडीतल्या मुलाला माहीत असायला हवे. २४ तासांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे किती, हे त्याला सरळ उभ्या भिंतीच्या डब्याने आणि मोजपट्टीने स्वतः मोजून कळायला हवे.

ठाकर आणि कातकरी मुलांना रानाची जेवढी माहिती असते, तेवढी शहरातल्या शिकलेल्या मोठ्या माणसालाही नसते. कोणता साप विषारी, कोणता कंद उकळल्याशिवाय खायचा नाही, हे ती सांगतात. पण त्यांच्या पुस्तकात त्यांचे रान नसते आणि त्यांचे शब्दही नसतात. केरूनानांनी इंग्रजीत बंद असलेले विज्ञान मराठी शाळेत आणले. पुढची पायरी अजून उरली आहे. आपल्या तालुक्यांतली झाडे, साप, ओढे, आजार आणि पाऊस सांगणारे, वाडीतल्या मुलाला आपले वाटेल असे पुस्तक शिक्षक, डॉक्टर आणि गावातली जाणती माणसे मिळून लिहू शकतात.

तोवर एक काम आजच करता येईल. घरातल्या मुलाला एक कोरी वही द्या. त्यात चार रकाने आखा: तारीख, पाऊस, घरात कोणाला ताप-जुलाब, आणि आज नवीन काय दिसले. चार महिन्यांनी ती वही स्वतः वाचा, आणि डॉक्टरकडे जाताना सोबत आणा. ताप किती दिवसांपासून आहे, हा आमचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे नेमके उत्तर मिळाले की निम्मे निदान तिथेच होते.