मतदार यादीत नाव घालायला गेली आणि घर सुटलं : फॅनी लू हेमर

३१ ऑगस्ट १९६२ चा दिवस. अमेरिकेच्या दक्षिणेकडं मिसिसिपी नावाचं राज्य आहे, कापसाचा मुलूख. तिथल्या रूलव्हिल गावातून एक जुनी पिवळी बस निघाली. एरवी ही बस मजुरांना कापूस वेचायला न्यायची. त्या दिवशी आत १८ जण होते, सगळे कृष्णवर्णीय. ४२ किलोमीटरवरच्या इंडियानोला या जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं आणि मतदार यादीत नाव घालायचं, एवढंच काम. त्या १८ जणांत ४४ वर्षांची एक बाई होती, पायानं थोडी लंगडणारी. फॅनी लू हेमर.

फॅनी लू यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ चा. २० भावंडांत शेंडेफळ. आईबाप वाट्यानं शेती करायचे. जमीन गोऱ्या मालकाची, बियाणं-खत त्याच्याकडून उधार आणि हंगाम संपला की हिशोबही तोच करणार. वर्षभर राबून हातात काही उरायचं नाही. सहा वर्षांची असताना मालकानं पोरीला आपल्या दुकानातल्या खाऊचं आमिष दाखवून वेचणीला लावलं. तेराव्या वर्षी ती दिवसाला ९० किलोच्या वर कापूस वेचायची. शाळा सुटली ती सुटलीच. एका वर्षी बापानं पैसे साठवून खेचरं घेतली, गाडी घेतली, आता दिवस पालटतील असं वाटलं. तर कुणीतरी खेचरांच्या खाण्यात विष कालवलं. घर पुन्हा होतं तिथंच.

१९४४ मध्ये पॅप हेमर यांच्याशी लग्न झालं आणि दोघं एकाच मालकाच्या मळ्यावर राबू लागले. लिहिता-वाचता येत असल्यानं फॅनी लू यांच्याकडं हजेरीचं आणि कापसाच्या वजनाचं काम आलं. मालकाच्या काट्याचं वजन खोटं होतं, मजुराचा कापूस कमी भरायचा. मालक नजरेआड असला की फॅनी लू आपलं स्वतःचं वजन काढून लावायच्या, तो येताना दिसला की लपवायच्या. पुढं आयुष्यभर त्यांनी जे केलं, त्याची सुरुवात इथंच झाली म्हणायची.

मतदान हा आपलाही हक्क आहे, हे मात्र त्यांना वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. ऑगस्ट १९६२ मध्ये गावातल्या चर्चमध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांची सभा झाली. इंडियानोलाला कोण येणार, असं विचारल्यावर फॅनी लू यांनी हात वर केला.

कायद्यात कुठंही काळ्यांना मत नाही असं लिहिलेलं नव्हतं. पण कचेरीत एका वेळी दोघांनाच आत घेत. २१ प्रश्नांचा अर्ज. त्यात कुणाकडं कामाला आहेस हेही लिहायचं, म्हणजे मालकाला कळवायची सोय आपोआप झाली. मग राज्यघटनेतलं एखादं किचकट कलम पुढं टाकायचे. ते उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा तोच कारकून. फॅनी लू नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड ठोठावला. कारण काय, तर बस फारच पिवळी आहे, शाळेच्या बससारखी दिसते! १०० डॉलर मागत होते, शेवटी ३० वर आले. सगळ्यांनी खिशातले पैसे गोळा केले. बसमधली माणसं घाबरून गप्प बसली होती, तेव्हा फॅनी लू भजनं गाऊ लागल्या.

त्या घरी पोचायच्या आत बातमी मालकापर्यंत गेली होती. नाव मागं घे, नाहीतर मळा सोड, असं त्यानं बजावलं. १८ वर्षं जिथं घाम गाळला ते घर त्यांनी त्याच रात्री सोडलं. नवऱ्याला मात्र हंगाम संपेपर्यंत तिथंच राबावं लागलं. पुढं १० सप्टेंबरला, ज्या घरात त्यांनी आसरा घेतला होता त्यावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवानं त्या रात्री त्या तिथं नव्हत्या.

राज्यघटना वाचून, समजून घेऊन त्या पुन्हा गेल्या आणि १० जानेवारी १९६३ ला पास झाल्या. तरी मत देता येईना. दोन वर्षांचा मतदान कर भरल्याच्या पावत्या लागतात, हे तेव्हा पुढं आलं.

मग त्या पूर्णवेळ याच कामाला लागल्या. दारोदार जायचं, अर्ज कसा भरायचा ते शिकवायचं, भित्र्या माणसाला कचेरीच्या पायरीपर्यंत सोबत करायची. त्या हिवाळ्यात गरिबांना मिळणारं सरकारी धान्य स्थानिक अधिकाऱ्यांनी बंद केलं, तेव्हा बाहेरून आलेलं धान्य आणि कपडे त्या वाटत. पण आधी नाव नोंदवायला जाऊन ये, मग घे, असा त्यांचा हट्ट असे. हे सगळ्यांना पटेल असं नाही. एवढं खरं, की अमक्यालाच मत दे असं त्यात नव्हतं.

९ जून १९६३. मतदार नोंदणीचं शिक्षण घेऊन परतताना विनोना गावच्या बस थांब्यावर त्यांना सोबत्यांसह अटक झाली. कोठडीत पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्याच हाती दंडुका देऊन त्यांना झोडपायला लावलं. मूत्रपिंड आणि डोळा कायमचे अधू झाले. त्या पोलिसांवर खटला चालला. ज्युरीत सगळे गोरे होते, पोलीस निर्दोष सुटले.

१९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी स्वयंसेवक नोंदणीच्या कामाला आले. त्याच मोहिमेतल्या तीन तरुणांचे खून झाले. तेव्हा मिसिसिपीत मतदानाला पात्र असलेल्या काळ्यांपैकी यादीत नाव असलेले ७ टक्केसुद्धा नव्हते. २२ ऑगस्टला फॅनी लू यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढं हे सगळं सांगितलं. टीव्हीवर थेट चाललं होतं. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईनं पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडं वळले. पण रात्री वाहिन्यांनी त्यांची साक्ष पुन्हा दाखवली, ती देशभर गेली. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्या फॅनी लू आणि त्यांच्या सोबत्यांनी नाकारल्या.

१९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला. १९६७ पर्यंत मिसिसिपीतल्या काळ्यांची नोंदणी ६० टक्क्यांच्या आसपास गेली. नव्यानं नाव नोंदवलेल्यांना बाहेर ठेवून घेतलेल्या त्यांच्या जिल्ह्यातल्या दोन गावांच्या निवडणुका फॅनी लू यांनी कोर्टात जाऊन रद्द करवल्या. १९६७ च्या मे महिन्यात फेरमतदान झालं. काळे उमेदवार तरीही पडले.

मत मागायला बाहेर पडणाऱ्याची चूल बंद होते, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी जमीन घेऊन सहकारी शेती सुरू केली. डुकरांची 'बँक'ही काढली. कुटुंबाला एक मादी द्यायची, तिला पिल्लं झाली की दोन परत करायची, ती पुढच्या घराला.

१४ मार्च १९७७ ला कर्करोगानं त्या गेल्या, वय ५९. त्यांच्या गौरवाचा ठराव मिसिसिपीच्या विधिमंडळानं मंजूर केला.