आमरींचे उपासक : फादर सांतापाव

बाळपणी ज्येष्ठ महिन्यात आम्ही उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीच्या दर्शनास गेलो होतो. परतताना वाटेवरील एका जुनाट आंब्यावर सीतेची वेणी फुललेली दिसली. जांभळट ठिपक्यांचे ते लोंबते तुरे पाहून मला मोह आवरला नाही. मी ती मुळासकट ओढून काढली. पोलादपूर गाठेपर्यंत ती मलूल झाली. पुढे फादर सांतापाव यांचे चरित्र वाचनात आले, तेव्हा त्या वेणीची आठवण होऊन मन ओशाळले.

हर्मेनेगिल्द सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेन देशातील ला गालेरा या खेड्यात झाला. येशूसंघात प्रवेश करून ते १९२८ साली हिंदुस्थानात आले. लंडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची उच्च पदवी संपादून व क्यू येथील प्रख्यात उद्यानात अभ्यास करून १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापक झाले. तेथे फादर ब्लाटर यांच्या नावाचा शुष्क वनस्पतींचा संग्रह आहे. त्याची जोपासना त्यांच्याकडे आली.

परंतु केवळ वाळलेल्या पानांवर समाधान मानणारे हे गृहस्थ नव्हते. आमरीचे फूल वाळले की त्याची नाजूक घडण उकलत नाही. ते जेथे उगवते तेथेच पाहावे लागते. खंडाळ्याच्या घाटात ते वर्षानुवर्षे भर पावसात हिंडले. कोणते झुडूप कोणत्या महिन्यात फुलते, अनेक वर्षांनी एकदाच बहरणारी कारवी कधी फुलली, हे त्यांनी स्वतः पाहून टिपले. त्यातूनच १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. मुंबई प्रांतातील आमरींवरील ग्रंथ त्यांनी कापडिया यांच्या सहकार्याने १९६६ साली प्रसिद्ध केला.

चपलेच्या आकाराच्या आमरीचे नाव त्या ग्रंथात शोधू नये. ती महाराष्ट्राच्या रानात होतच नाही. हिंदुस्थानच्या दक्षिण द्वीपकल्पात तिची एकच जात, तीही अगस्त्यमलय पर्वताच्या खडकाळ, गवताळ उतारांवर. १८६५ साली कर्नल ड्रूरी यांना ती आढळली, म्हणून त्यांचेच नाव तिला मिळाले. पिवळ्या फुलाची खालची पाकळी पिशवीसारखी. आत घसरलेल्या कीटकास आल्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मागील अरुंद वाटेने निघताना तो परागांचा गोळा अंगावर घेऊन जातो. केवढी ही युक्ती! फादरांच्या हयातीत ही आमरी नष्ट झाली असेच समजले जाई. १९७२ साली ती पुन्हा सापडली, आणि सापडताच लोभी संग्राहकांनी ती इतकी उपटली की मूळ स्थानी ती दुर्मीळ झाली. आज कायद्याने तिला संरक्षण आहे.

हे पाहण्यास फादर उरले नव्हते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखपद त्यांनी भूषविले, भारताचे नागरिकत्व पत्करले व १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांनी गोळा केलेले नमुने ब्लाटर संग्रहात आहेत. कोकणातील मुलांनीही मुंबईस गेल्यावर सवड काढून ते पाहून यावेत.