हरणाऱ्यासाठी प्रार्थना

अमेरिकेतील कॅथलिक बेसबॉलपटू गिल हॉजेस यांची आज आम्ही आठवण करतो. १९५२च्या अंतिम मालिकेत ब्रुकलिन डॉजर्सच्या या नावाजलेल्या फलंदाजाला २१ संधींत एकही यशस्वी फटका साधला नाही. १९५३च्या मे महिन्यात ब्रुकलिनच्या एका धर्मगुरूंनी उकाड्यामुळे प्रवचन आवरते घेतले आणि भाविकांना गिलसाठी प्रार्थना करायला सांगितले. गिल सावरले. १९५५च्या निर्णायक सामन्यातील संघाच्या दोन्ही धावा त्यांच्यामुळेच झाल्या. पुढे मॅनेजर होऊन त्यांनी तळाशी रेंगाळणाऱ्या न्यूयॉर्क मेट्सना १९६९मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले. २ एप्रिल १९७२ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वयाच्या ४७व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले.

जिंकणाऱ्यासाठी टाळ्या सगळेच वाजवतात. हरणाऱ्याचे नाव आपण प्रार्थनेत घेतो का?