नीळकंठशास्त्री गोऱ्हे

धर्मांतराचें नांव निघतांच आपल्याकडे विचार थांबतो व बहिष्कार सुरू होतो. यास्तव नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचें चरित्र वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

कोंकणस्थ ब्राह्मण कुळांतील शास्त्रीबोवा १८२५ सालीं बुंदेलखंडांत जन्मले व काशीस शिकले. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ ग्रंथाचें त्यांनीं संस्कृतांत खंडन केलें. परंतु प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळांतून तपासतां तपासतां त्यांचेंच मत पालटलें. १८४८ सालीं जौनपूर येथें, अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीमार्फत, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढें त्यांनीं ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. १८८३ सालीं पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, त्यामागें त्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव होता. १८९५ सालीं मुंबईंत त्यांनीं देह ठेविला.

त्यांचा निर्णय सर्वांनीं स्वीकारावा, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांची पारख मात्र अनुकरणीय आहे. शिराळ्याच्या पेठेंतील व्यापारी माल पाहिल्यावांचून त्यास नांवें ठेवीत नाहीं. मग माणसासच कां ठेवावीं? धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्यानें राखला. सामाजिक बहिष्कार महाराष्ट्रानें २०१६ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला. पण आप्तभाव कायद्यानें मिळत नाहीं. मतास उत्तर मतानेंच द्यावें. विद्वानास वाळींत टाकणारें राष्ट्र आपलीच पुंजी बुडवितें.