तिच्यासाठी आणलेलं आईस्क्रीम वाटेतच वितळलं आणि त्यातून घरोघरच्या होड्यांना मोटर मिळाली

2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हाचे व्हिडिओ आठवतायत? गल्लीगल्लीत शिरणाऱ्या रबरी बोटी, मागच्या टोकाला अडकवलेली एक मोटर, आणि ती धरून बसलेला एनडीआरएफचा जवान. त्या मोटरला आउटबोर्ड मोटर म्हणतात. बचावपथकातले लोक नुसतं ओबीएम म्हणून मोकळे होतात. बोटीवर चढवायची, काम झालं की काढून उचलून न्यायची.

ही मोटर सामान्य माणसाच्या होडीपर्यंत ज्याने पोचवली त्याचं नाव ओले एव्हिनरूड. मराठीत वाचताना हसू येतं खरं, पण ज्याचं अख्खं आयुष्य पाण्याच्या काठाने गेलं त्या गड्याला हे नाव शोभतंच. अमेरिकेत आजही जुन्या बोटवाल्यांना एव्हिनरूड म्हटलं की माणूस आठवत नाही, मोटर आठवते. इतकं ते आडनाव पाण्यात मुरलंय. आणि याच माणसावर एक वेळ अशी आली होती की त्याला स्वतःच्याच आडनावाच्या मोटरशी टक्कर द्यावी लागली.

ओलेचा जन्म 19 एप्रिल 1877 चा, नॉर्वेमधला. पोरगा पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज गावाजवळ, रिप्ली नावाच्या तळ्याच्या काठी शेती करायला लागले. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. पुढे शेतीच.

पण पोराचं लक्ष नांगरापेक्षा तळ्याकडे. असं सांगतात की त्याने लपूनछपून शिडाची होडी बांधायला घेतली, तर बापाने ती लाकडं सरळ चुलीत घातली. शेतकऱ्याच्या पोराने शेती करावी, असला नाद कशाला, हा त्यातला हिशेब. ओलेने पुन्हा लाकडं जमवली, पुन्हा होडी बांधली, आणि ती पाण्यात उतरल्यावर लोकांना पैसे घेऊन तळ्यावर फिरवायला लागला. पैसे दिसल्यावर बापाचा विरोध मावळला असणार. बाप इथून तिथून सारखेच.

सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात गेला आणि शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात लागला. दिवसा काम, रात्री गणित आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं. कुणी मास्तर नाही. तिथून पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत, मग शिकागोत, आणि 1900 च्या सुमारास मिलवॉकीला ई. पी. ॲलिस या मोठ्या कंपनीत पॅटर्नमेकर म्हणून.

पॅटर्नमेकर म्हणजे काय ते आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा. त्यावरून वाळूत साचा होतो, साच्यात धातू ओततात. या कामात एक नजर तयार होते. कुठे धातू जास्त जातोय, कुठे जाडी कमी केली तरी चालेल, हे हाताला कळायला लागतं. ओलेची पुढची सगळी कमाई या नजरेची आहे, असं माझं मत.

नोकरीत जीव रमेना म्हणून त्याने भागीदारीत स्वतःचं इंजिनाचं दुकान काढलं. माल चांगला, पण धंदा नीट चालेना. मोटारगाडीच्या इंजिनाच्या नादात पैसे गेले, भागीदाऱ्या मोडल्या. ओलेला यंत्र कळायचं, वसुली कळायची नाही.

इथे गोष्टीत बेस कॅरी येते. ती वर्कशॉपच्या शेजारी राहायची. व्यवसायाचा कोर्स करत होती. ओलेची तुंबलेली पत्रं आणि हिशेब ती बघायला लागली आणि बघता बघता दोघांचं जमलं. 1906 मध्ये लग्न झालं, 1907 मध्ये मुलगा राल्फ झाला.

आता ते आईस्क्रीम. 1906 चा उन्हाळा. मिलवॉकीजवळच्या ओकाउची तळ्यावर दोघं मित्रमंडळींसोबत सहलीला गेली होती. बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पार पलीकडच्या काठाला. ओलेने होडी काढली आणि वल्ही मारत गेला. येताना वारा समोरून, ऊन डोक्यावर. काठाला पोचेपर्यंत डब्यातलं आईस्क्रीम पातळ झालेलं आणि ओले घामाने खरोखरच ओला.

ही गोष्ट इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिला थोडी मीठमिरची लागलेली असणारच. पण अडचण खरी होती. तेव्हा मोटरबोट म्हणजे श्रीमंतांचं प्रकरण. इंजिन होडीच्या पोटात कायमचं बसवायचं, तळातून दांडा बाहेर काढायचा, त्याला पंखा लावायचा. म्हणजे होडीच इंजिनासाठी बांधून घ्यावी लागे. ज्याच्याकडे साधी वल्ह्याची होडी आहे, रविवारी पोराबाळांना फिरवायचं किंवा चार मासे धरायचे, त्याच्यासाठी त्यात काहीच नव्हतं.

एक खुलासा इथेच करायला हवा. आउटबोर्ड मोटर ओलेने पहिल्यांदा शोधली, असं सोशल मीडियावर फिरत असतं. ते खरं नाही. त्याच्या आधी इतरांनी प्रयत्न केले होते, आणि डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने तर 1905 मध्येच अशी मोटर चालवून बघितली आणि लगेच विकायलाही काढली. ओलेची मोटर जास्त भरवशाची निघाली, आणि ती विकायला त्याच्याकडे बेस होती.

ओलेने केलं काय? इंजिन आडवं पाडलं. सिलिंडर आडवा ठेवला की क्रँकशाफ्ट उभा राहतो. त्या उभ्या शाफ्टला तसंच खाली पाण्यात नेलं, तळाशी तिरप्या दातांच्या दोन गिअरनी फिरणं काटकोनात वळवलं आणि पंखा लावला. वरती फ्लायव्हील, त्याला एक मूठ. मूठ धरून फ्लायव्हील गरकन फिरवलं की इंजिन चालू. इंजिन वर, गिअर पाण्याखाली, मधे उभा शाफ्ट ही मांडणी आजच्या आउटबोर्ड मोटरमध्येही तशीच आहे.

पहिला नमुना बघून बेसला तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला म्हणे. दिसायला ओबडधोबड, पण चालला. एका मित्राने तो सहलीला नेला आणि परत येताना दहा जणांच्या रोख ऑर्डरी घेऊन आला. मग 1909 मध्ये पंचवीस मोटरी हाताने बांधल्या. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड म्हणजे साधारण 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. पौंडाला डॉलर, असा सरळ हिशेब. 1911 मध्ये पेटंट मिळालं.

पत्रव्यवहार, जाहिरात, वसुली, सगळं बेसकडे. वल्ही फेकून द्या अशा धर्तीची तिची जाहिरात देशभर गाजली आणि पत्रांचा पाऊस पडला. स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांकडून मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या. पोटासाठी देश सोडून आलेल्या घराण्याची मोटर परत त्याच किनाऱ्यांवर गेली. भांडवल कमी पडायला लागल्यावर ख्रिस मेयर नावाच्या टगबोटवाल्याने पाच हजार डॉलर घातले आणि भागीदार झाला. 1913 पर्यंत कारखान्यात तीनशे माणसं झाली.

आणि मग बेस आजारी पडली. तान्हं पोर, घर आणि दिवसरात्र ऑफिस, तब्येत ढासळत गेली. 1914 मध्ये ओलेने आपला हिस्सा मेयरला विकला. अट अशी की पुढची पाच वर्षं या धंद्यात उतरायचं नाही. कंपनी गेली, आणि तिच्यासोबत एव्हिनरूड हे नावही गेलं. सदतिसाव्या वर्षी, धंदा ऐन भरात असताना. ती पाच वर्षं तिघांनी गाडीतून आणि बोटीतून भटकंती केली. बेसची तब्येत सुधारली.

पण ओलेचं डोकं रिकामं बसणारं नव्हतं. जुन्या मोटरची दोन दुखणी त्याला ठाऊक होती. एक म्हणजे हादरे. एकच सिलिंडर असला की पिस्टनच्या प्रत्येक फटक्याला होडी थरथरते. ताकद वाढवायला पिस्टन मोठा केला तर थरथर आणखी वाढते. दुसरं म्हणजे वजन. लोखंड आणि ब्राँझचा तो गोळा गाडीतून काढून होडीवर चढवताना कंबर धरायची. ताकद दुप्पट करायला वजन दुप्पट केलं तर ती घरच्या माणसाने उचलायची मोटर उरतच नाही.

उपाय दोन केले. सिलिंडर एकाऐवजी दोन, समोरासमोर, आणि दोन्हींत स्फोट एकाच वेळी. एक पिस्टन डावीकडे, एक उजवीकडे. फटके एकमेकांना बऱ्यापैकी मारून टाकतात. आणि धातू ॲल्युमिनियम. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांमुळे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं तंत्र पुढे गेलं होतं. जिथे जिथे जमेल तिथे ओलेने लोखंड काढून हा धातू घातला. कुठे किती पातळ ओतता येईल हे पॅटर्नमेकरला कुणी शिकवावं लागत नाही.

नवी मोटर झाली तीन हॉर्सपॉवरची, वजन 48 पौंड. दुप्पट ताकद, आणि वजन मात्र चौदा पौंडांनी कमी.

मुदत संपल्यावर ओले ही मोटर घेऊन आधी मेयरकडेच गेला. मेयरने नको म्हटलं. जुनी मोटर खपत होती, कशाला बदला? मग नवरा-बायकोंनी नवी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव लावता येत नव्हतं, म्हणून मोटरला नाव दिलं एल्टो. एव्हिनरूड्स लाइट ट्विन आउटबोर्ड यातली पहिली अक्षरं. म्हणजे आडनाव लावलं नाही, पण पहिल्याच अक्षरात लपवून आणलं.

एल्टो चालली. पण 1922 मध्ये इंडियानातल्या जॉन्सन भावांनी 35 पौंडांची, दोन हॉर्सपॉवरची मोटर आणली. हलकेपणात एल्टोला मागे टाकलं. आणि दोन-तीन वर्षांत त्यांनीच सहा हॉर्सपॉवरची बिग ट्विन काढून खळबळ उडवली.

सहा म्हणजे काय मोठं, असं वाटेल. इथे पाण्याचा एक नियम समजून घ्यायला हवा. होडी चालताना आपल्या पुढे एक लाट उठवते आणि त्या लाटेच्या मागच्या खळग्यात स्वतःच अडकते. चार-साडेचार मीटरच्या होडीची ही हद्द ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे थोडीथोडकी ताकद वाढवून उपयोग नसतो, लाट फक्त मोठी होते आणि पेट्रोल जळतं. मात्र ताकद पुरेशी झाली आणि होडी हलकी, सपाट तळाची असली, तर ती स्वतःच्या लाटेवर चढते आणि पाण्यावरून घसरत सुटते. बिग ट्विनने हलक्या होड्यांना हा उंबरठा ओलांडून दिला. ताशी पंचवीस किलोमीटर, तेही काढून नेता येणाऱ्या मोटरवर. एकदा असं घसरून बघितलेला माणूस पुन्हा रांगत जायला तयार होत नाही.

ओलेचा पिंड सावध होता. घरच्या होडीला भरवशाची, बेताची मोटर हवी, हे त्याचं गणित. वेगाच्या बाजूने उभा राहिला तो मुलगा राल्फ, जो आता विशीतला तरणा होता. शेवटी 1928 मध्ये एल्टो क्वाड आली. चार सिलिंडर, 18 हॉर्सपॉवर. 1909 च्या मोटरच्या बारापट ताकद, वीस वर्षांच्या आत.

1929 मध्ये चक्र फिरलं. एल्टो, लॉकवूड आणि जुनी एव्हिनरूड या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला ओले. पंधरा वर्षांनी त्याला त्याचं आडनाव परत मिळालं. त्याच वर्षी मंदी आली. हौसेखातर बोट फिरवणाऱ्यांनी आधी हात आखडला, आणि ओलेची शेवटची वर्षं कंपनी तगवण्यात गेली. बेस 1933 मध्ये गेली. 12 जुलै 1934 ला, सत्तावन्नाव्या वर्षी, मिलवॉकीत ओलेही गेला.

राल्फने कारभार हाती घेतला. दोनच वर्षांत वडिलांचे कट्टर प्रतिस्पर्धी जॉन्सनही याच कंपनीत आले. पुढे तिचं नाव आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन झालं, आणि कित्येक दशकं ती या धंद्यातली दादा होती. डिसेंबर 2000 मध्ये तिचं दिवाळं निघालं. नाव कॅनडाच्या बॉम्बार्डिअरकडे गेलं, मोटरी बनत राहिल्या. कारखाना विस्कॉन्सिनमध्येच होता, जिथे ओलेने पहिली होडी बांधली त्या राज्यात. 2020 च्या मे महिन्यात मालक कंपनीने एव्हिनरूड मोटरचं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या तळ्यांवर जुन्या एव्हिनरूड आजही चालताना दिसतात, आणि एल्टोचे चालू इंजिन जपणारे संग्राहकही आहेत.