अठ्ठावन्न पानांची कैफियत

५ डिसेंबर १९५७. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या प्रमुखाला उद्देशून त्या दिवशी एक टंकलिखित निवेदन तयार झाले. पाने अठ्ठावन्न. लिहिणारा ऑर्सन वेल्स तेव्हा ४२ वर्षांचा होता. ‘टच ऑफ इव्हिल’ हा त्याचा चित्रपट स्टुडिओने त्याच्या हातून काढून घेतला होता. संकलन इतरांकडे सोपवले होते आणि काही दृश्ये हॅरी केलर या दुसऱ्याच दिग्दर्शकाकडून नव्याने चित्रित करून घेतली होती. हे बदललेले रूप वेल्सला एकदाच दाखवण्यात आले. त्यावर त्याने आदळआपट केली नाही. कोणते दृश्य कोठे तोडावे, कोणता आवाज कोठून यावा, हे त्याने अत्यंत सभ्य भाषेत, एकेक मुद्दा घेऊन मांडले. स्टुडिओने त्यातील थोड्या सूचना मानल्या, बहुतेक बाजूला सारल्या. त्या पानांना न्याय मिळण्यास चाळीस वर्षे लागली. तेव्हा वेल्सच्या मृत्यूलाही तेरा वर्षे लोटली होती.

जॉर्ज ऑर्सन वेल्सचा जन्म ६ मे १९१५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावी झाला. आई पियानोवादक, वडील संशोधक वृत्तीचे. वयाच्या नवव्या वर्षी आई गेली आणि पंधराव्या वर्षी वडील. वुडस्टॉक येथील टॉड स्कूलमध्ये शिकत असतानाच या मुलाला रंगभूमीचे वेड लागले होते. १६ व्या वर्षी त्याने आयर्लंड गाठले आणि डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये भूमिका मिळवली. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सर्व कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन त्याने ‘मॅकबेथ’ सादर केले, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी जॉन हाऊसमनच्या साथीने त्याने मर्क्युरी थिएटरची स्थापना केली. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री मंगळावरून आलेल्या शत्रूंची कहाणी त्याने बातमीपत्राच्या थाटात रेडिओवरून ऐकवली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव देशभर झाले.

या कीर्तीमुळे आरकेओ या चित्रपट कंपनीने त्याच्याशी असा करार केला, की जुन्याजाणत्या दिग्दर्शकांनाही हेवा वाटावा. संहिता, कलावंत, संकलन या सर्वांवर त्याचाच अधिकार. त्या करारातून १९४१ मध्ये ‘सिटिझन केन’ जन्माला आला. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्या आयुष्याशी असलेल्या साम्यामुळे हर्स्टच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाविरुद्ध आघाडी उघडली. ऑस्करची नऊ नामांकने मिळाली, पारितोषिक मात्र एकच, तेही हर्मन मँकिविझबरोबर विभागून मिळालेले पटकथेचे. ग्रेग टोलंड या छायालेखकाने टिपलेल्या गडद सावल्या, जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा आणि तुकड्यातुकड्यांनी उलगडणारा भूतकाळ यांचा ठसा पुढच्या दशकभराच्या अमेरिकी गुन्हेपटांवर उमटला. युद्धानंतर, १९४६ मध्ये, फ्रेंच समीक्षकांनी अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. न्वारमधला काळोख केवळ प्रकाशयोजनेचा नव्हता. त्यातला नायक कलंकित असे, कायदा संशयास्पद असे आणि शेवट बहुधा दैवाने आधीच ठरवून ठेवलेला असे.

वेल्सच्या स्वत:च्या दैवाचे फासे १९४२ मध्येच उलटे पडले. ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी अंतिम संकलनाचा अधिकार नव्या करारात त्याने गमावला होता. चित्रीकरण संपताच तो एका माहितीपटासाठी ब्राझीलला रवाना झाला. इकडे कॅलिफोर्नियात पोमोना येथे झालेल्या पूर्वखेळात प्रेक्षकांनी चित्रपटाची खिल्ली उडवली आणि कंपनी घाबरली. ब्राझीलहून वेल्स लांबलचक तारा पाठवून सूचना देत राहिला, पण ऐकणारे कोणी नव्हते. १३१ मिनिटांचा चित्रपट ८८ मिनिटांचा झाला, शेवट बदलला गेला आणि कापलेल्या भागाची मूळ निगेटिव्ह नष्ट करण्यात आली.

त्यानंतर हॉलिवूडने त्याच्यावर खर्चिक आणि बेभरवशाचा असा शिक्का मारला. तो पुसण्यासाठी १९४६ मध्ये त्याने ‘द स्ट्रेंजर’ हा गुन्हेपट ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात पूर्ण करून दाखवला. नाझी छळछावण्यांची खरी दृश्ये त्यात वापरली होती. मग कोलंबिया कंपनीसाठी ‘द लेडी फ्रॉम शांघाय’ केला. नायिका होती त्याचीच पत्नी रिटा हेवर्थ. तिचे प्रसिद्ध लांब लाल केस त्याने आखूड कापायला लावले आणि त्यांना फिकट सोनेरी रंग दिला. कंपनीचा मालक हॅरी कोन संतापला. चित्रपट सुमारे तासाभराने छाटला गेला आणि त्यावर चढवलेल्या संगीताबद्दल वेल्सने कोनकडे लेखी तक्रार केली. तिचाही उपयोग झाला नाही. आरशांच्या महालातील शेवटची गोळीबाराची चकमक तेवढी रसिकांच्या स्मरणात राहिली, तीही मूळ लांबीच्या मानाने फारच थोडी उरलेली. १९४९ मध्ये कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’मध्ये त्याने रंगवलेला हॅरी लाइम जगभर गाजला, मात्र दिग्दर्शक म्हणून हॉलिवूडची दारे त्याला जवळजवळ बंदच झाली होती.

ती पुन्हा किलकिली झाली चार्ल्टन हेस्टनमुळे. ‘टच ऑफ इव्हिल’साठी वेल्सला आधी केवळ अभिनयासाठी घेण्यात आले होते. दिग्दर्शनही त्यानेच करावे असे हेस्टनने सुचवले आणि स्टुडिओने ते मानले. १९५७ च्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिस वस्तीत मेक्सिकोच्या सीमेवरचे गाव उभे राहिले. मोटारीत बॉम्ब ठेवला जातो, ती मोटार गर्दीतून वाट काढत सीमा ओलांडते आणि स्फोट होतो. तीन मिनिटांहून अधिक चालणारा हा आरंभ छायालेखक रसेल मेटीने एकाच सलग दृश्यात टिपला. आरोपींविरुद्ध खोटे पुरावे पेरणारा लठ्ठ, थकलेला पोलीस अधिकारी हँक क्विनलन स्वत: वेल्सने साकारला. क्विनलनचा संशय खरा ठरतो, मार्ग मात्र खोटा असतो. ही गुंतागुंत स्टुडिओला पेलली नाही.

१९५८ मध्ये सुमारे ९५ मिनिटांचा चित्रपट एका तिकिटात दोन खेळ दाखवण्याच्या प्रथेप्रमाणे दुय्यम चित्रपट म्हणून झळकला. त्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा गौरव झाला, पण त्यामुळे स्टुडिओचे मत बदलले नाही. हॉलिवूडच्या एखाद्या स्टुडिओसाठी वेल्सने दिग्दर्शित केलेला हा अखेरचा चित्रपट ठरला. पुढे तो युरोपात भटकला. दुसऱ्यांच्या चित्रपटांत भूमिका करून मिळालेले पैसे स्वत:च्या चित्रपटांत घालत राहिला. १९७१ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले, पण चित्रपटासाठी भांडवल मिळाले नाही. १० ऑक्टोबर १९८५ रोजी हॉलिवूडमधील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ७० वर्षे. ‘द अदर साइड ऑफ द विंड’ अपूर्णच राहिला होता. तो इतरांनी पूर्ण करून २०१८ मध्ये प्रदर्शित केला.

मृत्यूच्या आदल्या वर्षी एक लहानशी घटना घडली होती. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने घरी पाहण्यासाठी लेझर डिस्कवर अभिजात चित्रपट आणायला सुरुवात केली आणि पहिला मान ‘सिटिझन केन’ला दिला. चित्रपटगृहातून उतरला की चित्रपट विस्मरणात जाई, तो काळ संपत होता. घरात चित्रपट बाळगणारा, तो थांबवून, मागे नेऊन पाहणारा नवा रसिक तयार होत होता. या माध्यमाचे धोकेही होते. कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग देऊन टीव्ही आणि कॅसेटच्या बाजारात विकण्याची टूम निघाली. १९८९ मध्ये टेड टर्नरच्या कंपनीने ‘सिटिझन केन’लाही रंग देण्याचा घाट घातला. वकिलांनी वेल्सचा जुना करार तपासला, त्यातील अधिकार आड येऊ शकतात असे दिसले आणि बेत सोडून देण्यात आला. करार असला की काय होते आणि नसला की काय, हे त्याच्या पहिल्या दोन चित्रपटांनी असे दाखवून दिले. ‘द स्ट्रेंजर’चा वेगळाच प्रश्न होता. स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने त्याच्या धूसर, खरखरत्या प्रतींच्या स्वस्त कॅसेट कोणीही काढत होते. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयातील ३५ मिमी प्रतीवरून केलेली ब्लू-रे २०१३ मध्ये आली, तेव्हा कुठे त्यातल्या सावल्या स्वच्छ दिसू लागल्या.

‘टच ऑफ इव्हिल’ची १०८ मिनिटांची एक प्रत १९७० च्या दशकात स्टुडिओच्या संग्रहात सापडली होती. वेल्सचा खरा चित्रपट हाच, असा तेव्हा समज झाला. प्रत्यक्षात ती प्रदर्शनाआधीच्या पूर्वखेळाची प्रत होती आणि तिच्यात केलरने चित्रित केलेली दृश्येही अधिक होती. १९९२ मध्ये समीक्षक जोनाथन रोझेनबॉमने वेल्सच्या निवेदनातील भाग प्रसिद्ध केला. त्यातून प्रेरणा घेऊन निर्माता रिक श्मिडलिनने विख्यात संकलक वॉल्टर मर्च याला हाताशी धरले. निवेदनाची पाने समोर ठेवून मर्चने जवळपास पन्नास बदल केले. आरंभीच्या सलग दृश्यावरची नामावली काढून अखेरीस नेली. हेन्री मॅन्सिनीच्या शीर्षक संगीताऐवजी तेथे दारूच्या गुत्त्यांतून आणि मोटारीच्या रेडिओतून येणारे सूर मिसळले. सीमेच्या दोन बाजूंना ताटातूट झालेल्या नवरा-बायकोचे प्रसंग स्टुडिओने सलग जोडले होते. ते वेल्सच्या सूचनेप्रमाणे आलटून-पालटून गुंफले. १११ मिनिटांचे हे रूप १९९८ मध्ये प्रदर्शित झाले आणि २००० मध्ये डीव्हीडीवर आले. सोबत त्या अठ्ठावन्न पानांचा मजकूरही होता. स्टुडिओच्या कपाटासाठी लिहिलेली कैफियत आता कोणालाही घरबसल्या वाचता येत होती आणि चित्रपटाशी ताडून पाहता येत होती.

२००८ च्या डीव्हीडी संचात तिन्ही रूपे एकत्र आली. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ब्लू-रेवर तर चित्रचौकटीची दोन वेगवेगळी मापेही दिली गेली, कारण पडदा किती रुंद असावा याबद्दलही न्वारच्या संग्राहकांत एकमत नव्हते. ९५, १०८ की १११ मिनिटे, यातले अस्सल कोणते, हा वाद आजही मिटलेला नाही. मिटण्याचे कारणही नाही. १९९८ चे रूप वेल्सने स्वत: कापलेले नाही. ते मृत माणसाच्या सूचना प्रामाणिकपणे पाळून, उरलेल्या फिल्मवर केलेले काम आहे. मात्र प्रेक्षकाला निवड करता येते, हेच मोठे. वेल्सच्या हयातीत ती निवड फक्त स्टुडिओच्या हाती होती.

‘अँबरसन्स’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ब्राझीलहून पाठवलेल्या तारा अभ्यासकांना उपलब्ध आहेत. कोणते दृश्य कोठे हवे होते, हेही बरेचसे ठाऊक आहे. १९४२ मध्ये वेल्सला पाहण्यासाठी ब्राझीलला पाठवलेल्या प्रतीचा शोध चित्रपटप्रेमींनी अनेकदा घेतला, पण ती हाती लागलेली नाही. ‘टच ऑफ इव्हिल’च्या वेळी शब्दही उरले होते आणि फिल्मही, म्हणून मर्चला काम करता आले. ‘अँबरसन्स’चे फक्त शब्द उरले. म्हणूनच २०१८ मध्ये निघालेल्या त्याच्या ब्लू-रेवरही चित्रपटाची लांबी तीच आहे, स्टुडिओने ठरवलेली ८८ मिनिटे.