आंबडव्याचा बॅरिस्टर

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातले एक लहानसे गाव. या गावावरून ज्यांचे आडनाव आले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी शाळकरी मुलेही पाठ म्हणून दाखवतात. पण त्या पदव्यांचे पैसे कोणी भरले आणि ते वाटेत कुठे अडले, हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. मुलाला परदेशी शिकायला पाठवू पाहणाऱ्या घरांत आजही असाच हिशोब चालू असतो, म्हणून तो मांडण्याजोगा आहे.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. पत्नी रमाबाईही दापोलीजवळच्या वणंदच्या. मुलाच्या पुस्तकांसाठी रामजींनी लेकींचे दागिने गहाण टाकले, असे चरित्रकार सांगतात. मॅट्रिकच्या पुढे पेन्शन पुरेना, तेव्हा बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपये सुरू केले आणि १९१२ मध्ये मुलगा बी. ए. झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीरावांनी त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पाउंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता.

१९१६ मध्ये ते लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन ठिकाणी त्यांनी नावे घातली. बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा पुरत नसे. ‘इन’मध्ये टर्म भराव्या लागत, म्हणजे ठरलेल्या जेवणांना हजर राहावे लागे, आणि प्रत्येक गोष्टीची फी वेगळी. एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे पाठवलेली पुस्तके महायुद्धात जहाजाबरोबर बुडाली. कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली.

लंडनच्या संस्थेने अभ्यास पुरा करायला चार वर्षांची सवलत दिली होती. पण पैसे? १९१८ पासून त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियातले पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. या तीन गाठोड्यांवर १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा बोटीत चढले. घरी रमाबाईंनी काटकसरीने संसार रेटला. त्या घराने पोटाला दिलेला चिमटा हीसुद्धा एक शिष्यवृत्तीच होती. तिची नोंद मात्र कुठल्या खतावणीत नाही.

लंडनमध्ये ते दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसत आणि अर्धपोटी राहत. त्यात रुपयाचा भाव कोसळला. १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांहून महाग असलेला रुपया वर्षभरात सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे रुपयांत जमवलेली शिल्लक पाउंडांत विरघळू लागली. १९२१ मध्ये कायद्याची फी आणि परतीचे भाडे यांसाठी त्यांनी शाहू महाराजांकडे २०० पाउंडांचे कर्ज मागितले. याच दिवसांत हा विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहीत होता! २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. शाहू महाराज ६ मे रोजीच निवर्तले होते. १९२३ मध्ये मुंबईला आल्यावर वकिलीची सनद काढायलाही हाताशी पैसे नव्हते; तेव्हाही भथेनाच धावून आले.

या पैशाची फेड कशी झाली, हे कोकणाने पाहिले. रत्नागिरी जिल्ह्यात खोताच्या जमुलीखाली कूळ पिढ्यान्‌पिढ्या वाकलेले होते. १९२९ मध्ये चिपळूणच्या जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. जो पैसा सयाजीरावांनी, शाहूंनी आणि भथेनांनी एका विद्यार्थ्यावर लावला, त्याचे व्याज असे कुळांच्या पदरात पडले.

ज्याला फीसाठी कर्ज मागावे लागले, तो १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ ते १९४६ या काळात, त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राकडून शिष्यवृत्त्या मिळवल्या; त्यातून काही तरुण परदेशी गेले. महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती तर आज राजर्षी शाहूंच्याच नावाने दिली जाते.

देणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बाबासाहेबांना परत यावे लागले ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर मुदत अभ्यासाच्या आधी संपली म्हणून. त्यांना मार्ग सापडला, कारण मागे शाहू होते, भथेना होते आणि वणंदची रमाबाई होती. प्रत्येक मुलाच्या मागे तिघेही उभे असतीलच असे नाही. म्हणून शिष्यवृत्ती द्यायची तर ती शेवटच्या फीपर्यंत आणि परतीच्या तिकिटापर्यंत पुरेल अशी द्यावी.